टिंक्चरचा वास

मराठीच्या प्राध्यापकाने व्हिस्कीवर लिहावे, हे पाहून माझ्या विद्यार्थ्यांचे पालक भुवया उंचावतील. त्यांच्या समाधानासाठी आधीच सांगून टाकतो, की या विषयातला माझा एकूण अनुभव दोन घोटांचा आहे. पण तेवढ्या भांडवलावर आम्ही प्राध्यापक मंडळी पुष्कळ बोलू शकतो!

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता एडिंबरोला माझ्या मेहुण्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने कपाटातून एक बाटली काढली, ती अशा अदबीने, की जणू देव्हाऱ्यातला शाळिग्रामच!

"लागावुलिन, सोळा वर्षांची! भाऊजी, ही घाईने प्यायची नाही हं."

त्याने किंमत सांगितली. मी मनातल्या मनात पौंडांचे रुपये केले आणि खुर्चीत सावरून बसलो. घरातले महिन्याचे वाणसामान तेवढ्यात आले असते!

मग त्याने मला धडा दिला. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची, केवळ मोड आणलेल्या सातूपासून तांब्याच्या भांड्यांत गाळलेली. स्कॉचला ओकच्या पिपात कायद्याने निदान तीन वर्षे काढावी लागतात. हिने सोळा काढली. दरसाल सुमारे दोन टक्के मद्य पिपातून उडून जाते. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. म्हणजे सोळा वर्षांत पाव हिस्सा देवदूतांनी गट्ट केला, आणि त्याचे पैसे मात्र गिऱ्हाइकाने भरायचे!

मी पेला नाकाशी नेला आणि दचकलो. तो टिंक्चर आयोडीनचा वास होता!

मेहुणा हसला. आयला बेटावर सातू वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबलेला पालापाचोळा. त्याच्या धुराचा तो वास. पण मी केव्हाच वाईला पोहोचलो होतो.

माझे बाबा वाईला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. संध्याकाळी ते घरी येत, तेव्हा त्यांच्या आधी टिंक्चरचा वास दारातून आत येई. शाळेतली मुले मला 'टिंक्चर' म्हणून चिडवीत. सातवीत असताना स्नेहसंमेलनात मला बक्षीस मिळायचे होते. मी बाबांना म्हणालो, "तुम्ही येऊ नका. वास येतो." ते काही बोलले नाहीत. पण बक्षीस घेताना मी पाहिले, बाबा अगदी मागे, दाराबाहेर उभे होते. अंगात धुतलेला सदरा होता.

त्या बोलण्याची क्षमा मागायची राहूनच गेली. बाबांना जाऊन पंधरा वर्षे झाली. पेल्यातले मद्य पिपात भरले, तेव्हा ते हयात होते.

"अहो, मग? एवढ्या पैशांची आहे का ती?" पत्नीने विचारले.

काय सांगणार? सोळा वर्षे थांबण्याचे मोल असते, हे मला पटले होते. चव म्हणाल, तर घसा जाळणारा धूर आणि मागाहून थोडी गोडी; त्यासाठी मी पदरचे पैसे मोडणार नाही. पण जो वास घरात फुकट होता तेव्हा मला नकोसा झाला, त्याचे लोक एवढे दाम मोजतात!

"चव मला नीटशी कळली नाही," मी म्हणालो, "वास मात्र महाग आहे."

दोन घोट संपले, तरी रिकामा पेला नाकाशी धरून मी बराच वेळ बसलो होतो. भाऊजींना अखेर गोडी लागली, असे मेहुण्याला वाटले. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.