ओलं हाड

हाड म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी कोरडं येतं. शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात टांगलेला सांगाडा, विजेच्या खांबावरच्या पत्र्यावर कवटीखाली रंगवलेली दोन आडवी हाडं, आणि राख सावडताना हाताला लागणारे पांढरे, हलके, बोटानं दाबले की भुगा होणारे तुकडे. वडिलांच्या अस्थी गोळा करायला मीही गेले होते. एवढा उंचापुरा माणूस आयुष्यभर तोलून धरणारं हाड इतकं ठिसूळ कसं, हा प्रश्न त्या सकाळी मनात रुतला. उत्तर पुष्कळ उशिरा कळलं. आगीतून उरतो तो हाडाचा फक्त खनिजाचा भाग, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. ते स्फटिक ज्यांच्यावर जडलेले असतात ते कोलॅजेनचे धागे जळून गेलेले असतात. उलटंही करून पाहता येतं. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की खनिज विरघळतं, धागे उरतात आणि हाड हातानं वाकवता येतं. कडकपणा एकाचा, चिवटपणा दुसऱ्याचा. चितेतून आपल्या हाती येतं ते अर्धंमुर्धं हाड.

जिवंत हाड ओलं असतं. त्याला गुलाबी झाक असते आणि कापलं की त्यातून रक्त येतं. त्याच्यावरचं पातळ आवरण मज्जातंतूंनी गच्च भरलेलं असतं, म्हणून तर नडगी पलंगाच्या कडेवर आपटली की काजवे चमकतात. आतल्या कठीण थरातून रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या जातात. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्यानं १६९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही त्याचंच नाव आहे. त्याहून खोल, छातीच्या मधल्या हाडात, मणक्यांत, कमरेच्या हाडांत लाल मज्जा असते आणि ती दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार करून रक्तात सोडते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्ताचं गोठणं हे सगळं चालतं. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी हाडाला हुकूम सोडतात आणि हाड स्वतःतलं देऊ लागतं. ठोका चुकू नये म्हणून ते झिजतं. मला हाडाबद्दल जी माया वाटू लागली ती इथून.

कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दरवर्षी खरवडून पुन्हा लिंपल्या जायच्या. हाडात हे काम एक दिवसही थांबत नाही. एका प्रकारच्या पेशी जुनं, तडकलेलं हाड खरवडत पुढे जातात, त्यांच्या मागून दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवं हाड भरत येतात. एखादी जागा खरवडायला तीनेक आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. उतारवयातलं सगळं दुःख त्या दोन मुदतींतल्या फरकात आहे. खरवडणं सोपं आणि झटपट, भरणं सावकाशीचं.

जन्मताना तर सांगाडा पुरता झालेलाही नसतो. माझ्या लेकीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई रोज तिची टाळू तेलानं भरायच्या. तळव्याखाली ती जागा धडधडताना दिसायची आणि माझा जीव मुठीत यायचा. कवटीची हाडं तेव्हा सांधलेली नसतात. जन्माच्या वाटेत ती एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं, आणि पुढे झपाट्यानं वाढणाऱ्या मेंदूला जागा देतात. टाळू दीड-दोन वर्षांत भरते. बाळ रांगतं तेव्हा गुडघ्याची वाटी अजून कूर्चेचीच असते. जन्माच्या वेळचे तीनशेच्या आसपास तुकडे जुळत-जुळत २०६ होतात. गर्भात सर्वांत आधी हाड बनू लागतं ते गळ्याखालचं, खांद्याकडे जाणारं, आणि पुरं व्हायला सगळ्यांत उशीर तेच लावतं, पार पंचविशीपर्यंत. एवढ्या सगळ्या अपुरेपणात कानातली तीन इवली हाडं तेवढी जन्मतःच जवळजवळ पूर्ण आकाराची असतात आणि पुढे फारशी बदलतही नाहीत. त्यांना भार वाहायचा तो आवाजाचा. बाळ मान धरत नसतं, पण आईचा आवाज ते मोठ्या माणसाच्या हाडांनी ऐकत असतं.

बाकीची हाडं मात्र भाराप्रमाणे घडतात. १८६६ च्या सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. झुरिचमध्ये हेरमान फोन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञानं मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं चिरून त्यातली जाळी दाखवली. ती पाहणाऱ्यांत कार्ल कुलमान हा इंजिनिअर होता. पुलांवर आणि यारींवर ताण कुठून कसा वाहतो याच्या रेघा काढणं हा त्याचा व्यवसाय. हाडातल्या जाळीच्या कमानी त्याला आपल्याच रेघांसारख्या दिसल्या. १८९२ मध्ये बर्लिनच्या युलिउस वोल्फनं याचा नियम मांडला: भार जसा बदलेल तसं हाड आपली घडण बदलतं. ते हे कसं करतं याचा उलगडा नंतर होत गेला. हाड भरता-भरता काही पेशी त्यातच गाडल्या जातात. त्या मरत नाहीत. केसाहून बारीक फाटे पसरून त्या एकमेकींना धरून राहतात. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित दबतं, त्यातलं पाणी त्या बारीक बोगद्यांतून हलतं, आणि हे हलणं त्या पेशी टिपतात. इथे भर घाला, तिथलं काढून टाका, हे त्या ठरवतात. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरणाऱ्या दंडाचं हाड दुसऱ्या दंडापेक्षा जाड असतं. अंतराळात वजनच उरत नाही, तेव्हा तिथे राहणाऱ्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होत जातं. म्हणून त्यांना रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. भार नसणं ही हाडासाठी उपासमारच आहे.

आई मोरीत पडली आणि खुब्यात मोडलं, तेव्हा हे सगळं मला वाचून ठाऊक होतं, कळलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया करून आत रॉड घातला. दुसऱ्याच दिवशी तिला उठवायला फिजिओथेरपिस्ट आली. आई कळवळली. ‘‘अगं, मोडलेल्या पायावर उभं कशाला करतेस मला?’’ ती मुलगी वॉकर पुढे सरकवत म्हणाली, ‘‘आजी, रॉडनं धरून ठेवलंय. पण भार दिल्याशिवाय हाड भरत नाही. टेका पाऊल.’’ आईनं पाऊल टेकलं. तिच्या त्या पावलाबरोबर आत काय हललं असेल, हे मी त्या क्षणी अक्षरशः डोळ्यांपुढे पाहत होते.

मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग कूर्चेचा मऊ पूल बनतो, मग त्याचं ओबडधोबड हाड होतं, आणि नंतर महिनोन्महिने ते तासून-तासून मूळच्या घडणीकडे नेलं जातं. कातडी फाटली तर व्रण राहतो. हाड नीट जुळलं तर तिथे व्रण नाही, हाडच येतं.

आईचं हाड साध्या पडण्यानं का मोडावं, याचं कारण तिच्या सगळ्या आयुष्यात होतं. पाळी थांबली की ज्या हार्मोनच्या जोरावर खरवडणाऱ्या पेशी ताब्यात राहतात तो आटतो. पण त्याआधीचंही काही आहे. बाळ अंगावर पितं तेव्हा दुधातलं कॅल्शियम बरंचसं आईच्या हाडांतून येतं. दूध तुटलं की शरीर ते बहुतांशी भरून काढतं, हे निसर्गाचं औदार्य. तरी आम्हा भावंडांच्या बरगड्या आणि मनगटं काही काळ तिच्या मणक्यांतून उसनी आली होती, हा विचार मनातून जात नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई ते उसनं किती फेडून घेऊ शकली असेल?

हे लिहून ठेवलेलं कुठे नसतं, पण हाडात असतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या त्या कामात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ. मोठ्यांचीही दफनं मिळाली, आणि त्यांचे पाय घोट्यापाशी तोडलेले होते. गेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. इथे पुन्हा ती कोरडी हाडं समोर येतात, पण आता ती मला मुकी वाटत नाहीत. वाढीच्या वयात उपासमार किंवा मोठं आजारपण आलं तर लांब हाडांत आडवी रेघ उमटू शकते. जन्मभर उकिडवं बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकाला आणि घोट्याच्या हाडाला एकमेकांवर टेकून-टेकून गुळगुळीत जागा तयार होते. सांगाडा वाचणारी माणसं ती बोटानं चाचपून ओळखतात. चुलीपुढे, धुण्याच्या दगडापुढे, शेतात खुरपताना बसलेल्या बायकांची ती सही आहे. आईच्या घोट्यांत ती असणारच. मी ओट्यापाशी उभी राहून जगले, माझ्यात असलीच तर पुसट.

माझ्या लेकीत असेल का, हे सांगता येत नाही. ती शाळेच्या संघातून खो-खो खेळते. पाटीत उकिडवी बसते, खो मिळाला की उसळून धावते, पडते, परत उठते. हाडं सगळ्यांत झपाट्यानं भरतात ती याच वयात. तिशीपर्यंत जेवढं जमेल तेवढंच, पुढे फक्त राखायचं. म्हणून संध्याकाळी क्लास की मैदान असा प्रश्न येतो तेव्हा मी मैदानाच्या बाजूनं भांडते. परवा ती बुटाच्या नाड्या बांधत होती. आजी वॉकर बाजूला ठेवून काठीवर आली होती, दारातच थांबली. ‘‘एवढं पळतेस, गुडघे दुखत नाहीत का गं?’’

‘‘दुखतात की,’’ ती म्हणाली, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेली.