देपालपूरच्या वाटेवर

इंदूर सोडून गांधीनगर आणि हातोद मागे टाकले, की देपालपूरच्या वाटेवर माळव्याची काळी माती भेटू लागते. शहरात राहून आपण माळव्याचे गोडवे गातो, ते पोह्या-जिलबीचे आणि सराफ्यातल्या रात्रींचे. ज्या मातीवर हे सारे उभे आहे, तिची ओळख बसच्या खिडकीपुरतीच राहते. २०२४ च्या जूनअखेरीस आम्ही सपत्नीक या वाटेने निघालो, तेव्हा पाऊस नुकताच होऊन गेला होता, रानाला वाफसा येत होता आणि गावोगाव सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होती.

निमित्त होते एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाचे. आम्ही नवखे शिक्षक असताना हा मुलगा नववीत होता. त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत तो शाळेत येईनासा झाला. दोन महिने वाट पाहून आम्ही लाल शाईने त्याचे नाव हजेरीपटावरून कमी केले आणि सहकाऱ्यांना सांगितले, "पोराला अभ्यासाची गोडीच नाही." पुढे तो शेतकरी झाला, संसारी झाला, पण दिवाळीला भेटायला येण्याचा नेम त्याने कधी चुकवला नाही. "मास्साब, एकदा घरी या," हे त्याचे पालुपद आम्ही वर्षानुवर्षे टाळीत आलो होतो.

या वेळी निघालो, त्याला आणखी एक कारण होते. आपल्या बैठकींतून हल्ली एक विषय हटकून निघतो. सरकार शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकते, त्याने माणूस आळशी होणार नाही का? या वादात आम्ही बहुधा 'होणार' म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. तेव्हा म्हटले, एखादे घर डोळ्यांनी पाहावे.

घर गावाच्या कडेला होते; पुढे ओसरी, बाजूला म्हशीचा गोठा. ओसरीत त्याची अकरावीतली मुलगी ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून बसली होती. आम्ही विचारले, "काय करतेस, बेटी?" ती म्हणाली, "बियाणे पारखते आहे. शंभर दाणे ठेवले होते, अठ्ठ्याहत्तर उगवले." शंभरात सत्तर उगवले, तरी सोयाबीनचे बियाणे पेरणीयोग्य मानतात. घरच्या कोठीतले बियाणे परीक्षेत उतरले होते, याचा आनंद तिच्या बापाच्या चेहऱ्यावर दिसत होता.

त्या कोठीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मास्साब, मी शाळा सोडली ती हिच्यामुळे." मग जे त्याने सांगितले, ते आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलेच नव्हते. त्या साली हिवाळ्यात आईच्या आजारपणात कोठीतले बियाणे विकावे लागले. जूनमध्ये बापाने साहूकाराकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे घेऊन पेरणी केली. पीक निघाले, ते खळ्यावरूनच साहूकाराच्या भावाने गेले. उरलेले कर्ज फेडायला हा पोरगा दोन हंगाम त्याच्या शेतावर राबला. त्या शेतावरून आमची शाळा दिसत असे, हेही त्याने सहज सांगितले. आम्ही मान खाली घालून ऐकत राहिलो.

आता घरात येणाऱ्या पैशांचा हिशेब पाहू. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी २०१९ साली सुरू झाला. त्याचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी येतात. हप्त्याला इकडे 'किस्त' म्हणतात. मध्य प्रदेश सरकारने २०२० साली त्यात आपले ४,००० रुपये घातले आणि २०२३ साली त्यांचेही ६,००० केले. म्हणजे आठ बिघ्यांच्या या शेतकऱ्याला वर्षाकाठी १२,००० रुपये, दिवसाला तेहतीस. एवढ्या पैशात पाच माणसांचे घर बसून खाईल, ही कल्पना आम्ही शहरात बसूनच करू शकत होतो.

"मग फरक तो काय पडला?" आम्ही विचारले. थोडा विचार करून तो म्हणाला, "पैसा थोडाच आहे, पण वेळेवर आहे." जूनच्या अठरा तारखेला किस्त जमा झाली, कियोस्कवर अंगठा लावून पैसे काढले आणि ट्रॅक्टरच्या भाड्याची निम्मी सोय झाली. हिवाळ्यातली किस्त औषधपाण्याला नि किरकोळ उधारीला जाते, म्हणून कोठीला हात लावावा लागत नाही. कोठी शाबूत, तर साहूकाराच्या ओट्यावर जाणे नाही.

गेल्या हंगामातले चार क्विंटल सोयाबीन त्याने भाव चढेल या आशेने घरात ठेवले होते. भाव चढण्याऐवजी उतरला आणि त्याला तोटा झाला. आम्ही हळहळलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "तोटा झाला, मास्साब, पण थांबायचे की विकायचे, हे पहिल्यांदा मी ठरवले."

इकडे आत चुलीपाशी आमच्या सौभाग्यवतींची वेगळीच बैठक जमली होती. घरधनिणीने डब्यातून आपले बँकेचे पासबुक काढून दाखवले. २०२३ च्या जूनपासून लाडली बहना योजनेचे दरमहा १,००० रुपये तिच्या नावे येऊ लागले. त्याच वर्षी त्यांचे १,२५० झाले. "काकीजी, पोरीच्या देपालपूरला जाण्यायेण्याचे भाडे यातूनच जाते. आता तिच्या शाळेचा विषय निघाला, की आधी मला विचारतात," असे ती म्हणाली. परतताना सौ. म्हणाल्या, "ही तिची खासगीच की!" आम्हांला उपमा पटली. १७३४ साली गौतमाबाई होळकरांना खासगी जहागीर मिळाली आणि पुढे याच खासगीच्या बळावर अहिल्याबाईंनी देशभर घाट नि धर्मशाळा उभारल्या. बाईच्या हाती स्वतःचा पैसा असला म्हणजे काय होते, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. मात्र याच घरातल्या धाकट्या जावेचे नाव यादीत नाही. नोंदणी झाली, तेव्हा ती या घरात आली नव्हती.

दुपारी शेजारचा एक गृहस्थ येऊन बसला. तो सहा बिघे जमीन बटाईने करतो. बियाणे, घाम आणि जोखीम यांत त्याचा वाटा, पण सातबाऱ्याच्या जागी इकडे जी 'पावती' असते, तिच्यावर नाव मालकाचे. मालक देवासला राहतो. किस्त मालकाच्या खात्यात जमा होते. बटाईदार यंदाही व्याजाने पैसे काढूनच पेरणार होता, आणि त्याचा मुलगा पेरणीमुळे पंधरा दिवस शाळेत गेला नव्हता. हे ऐकताना आम्हांला आमची ती लाल शाई आठवली.

आपल्याच जिल्ह्यात २०११-१२ साली एक प्रयोग झाला होता. 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये दिले. वर्षभराने ते ३०० व १५० केले. जमीन आहे की नाही, हे विचारले नाही; कशावर खर्च करावे, हेही सांगितले नाही. मुलांचे पैसे आईच्या हाती दिले. त्या गावांत बियाण्या-खतांवरचा खर्च वाढला, जनावरे वाढली, मुलांचे पोषण सुधारले. एका आदिवासी गावात तर लोक परक्याची मजुरी कमी करून आपल्या शेतात अधिक राबू लागले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. आळसाची आमची भीती आमच्या घरापासून काही कोसांवरच खोटी ठरली होती, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळच्या बसने परत येताना आम्ही मनाशी विचार करीत होतो. आपण मराठी माणसे माळव्यात आलो, ती बव्हंशी चाकरीच्या आधाराने. कुणाला तैनात, कुणाला वर्षासन, कुणाला इनाम. पुढे सरकारी पगार आणि निवृत्तिवेतन. ठरल्या दिवशी येणाऱ्या पैशाच्या भरवशावर आपल्या घरांतली मुले शिकली, ग्रंथालये आणि गणेशोत्सव उभे राहिले. त्या पैशाने आपण आळशी झालो, असे आपल्याला कधी वाटले नाही. मग शेतकऱ्याला मिळणाऱ्या दिवसाच्या तेहतीस रुपयांचीच भीती का वाटावी? विचारायचेच झाले, तर एवढेच विचारावे, की हा पैसा जो खरोखर नांगर धरतो, त्याच्यापर्यंत पोहोचतो की नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत नववीच्या वर्गशिक्षकांनी सतत गैरहजर मुलांची यादी आमच्यापुढे सहीसाठी ठेवली. यादीत चार नावे होती. सही न करता आम्ही यादी परत दिली आणि म्हणालो, "आधी या चौघांच्या घरी जाऊन येऊ. मीही बरोबर येतो."