चहा पिऊन येईपर्यंत

वडिलांकडून काय मिळावं हे कुणाच्या हातात नसतं. कुणाला वाडा मिळतो, कुणाला त्या वाड्यावरून चाललेला कोर्टातला दावा मिळतो, कुणाला मधुमेह मिळतो. मला आमच्या दादांकडून महाराष्ट्राचा रणजी संघ मिळाला. दाव्यासारखाच तो निकाली निघत नाही आणि मधुमेहासारखाच बराही होत नाही. नुसता सांभाळायचा.

यातलं पहिलं दुःख म्हणजे तो लोकांना समजावून सांगावा लागतो. प्रवासात कुणी विचारतं, "रणजीत तुमचा संघ कुठला?" मी म्हणतो, "महाराष्ट्र." तो म्हणतो, "म्हणजे मुंबईच ना?" नाही हो! मुंबई वेगळी. नागपूर-अमरावतीकडचा विदर्भ वेगळा. या दोघांना वाटे काढून दिल्यावर जे उरतं, तो आमचा महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली झाला तो राज्यकारभारापुरता. क्रिकेटमध्ये तो अजून व्हायचा आहे. आता नाशिकचंच पाहा. आमची पंचवटी एक्सप्रेस रोज सकाळी मुंबईला जाते. पुण्याला जायचं तर सरळ आगगाडीच नाही, संगमनेरवरून बसने हाडं खिळखिळी करत जायचं. पण क्रिकेट? ते मात्र पुण्याचं! कसाऱ्याचा घाट उतरला की खाली मुंबईचं क्रिकेट सुरू होतं, वर राहिलं की महाराष्ट्राचं. आमच्या पूर्वजांनी तो घाट चढण्याचे कष्ट घेतले नसते, तर आज मी बेचाळीस रणजी करंडकांचा धनी असतो.

हो, बेचाळीस! २०२५ पर्यंतचा हिशेब सांगतो. मुंबई ४२, विदर्भ ३, आणि आम्ही २. आमचे दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीखालचे, १९३९-४० आणि १९४०-४१ चे. म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना आम्ही जिंकत होतो. युद्ध थांबलं, आणि आमचंही थांबलं.

दुसरं दुःख मुलुंडला राहतं. ते म्हणजे माझा मेव्हणा. लग्न ठरवताना पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, मुलीचा भाऊ कुठल्या संघाचा हे कुणी पाहिलं नाही. महाराष्ट्र हरला की त्याचा फोन येतो. "काय भावोजी, काय म्हणतोय तुमचा महाराष्ट्र?" या 'तुमचा' शब्दावर तो असा काही जोर देतो की जणू अकरा जणांची निवड मी आमच्या ओसरीवर बसून केली आहे. आणि आमची ही, जिला एरवी षटक आणि डाव यांतला फरक कळत नाही, तीही आतून म्हणते, "दादाचा फोन आहे का? हरले वाटतं."

पण या सगळ्याचं मूळ आहे १९४८ च्या डिसेंबरात. दादा तेव्हा पुण्यात कॉलेजात शिकत होते. म्हणजे त्यांचं नाव कॉलेजात होतं, ते स्वतः मैदानावर असत. महाराष्ट्राचा सामना होता काठियावाडशी आणि भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला होते. मध्यंतर झालं तेव्हा संघाच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. जगातला सर्वांत मोठा डाव होता ब्रॅडमनचा, ४५२ चा. दहा धावा हव्या होत्या! दोन षटकांचं काम. दादा आणि त्यांचे मित्र म्हणाले, तोवर चहा पिऊन येऊ.

परत आले तर मैदानात कुणी नाही! काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून आपला संघ घेऊन चालू लागले होते. आपल्याविरुद्ध असला विक्रम लागलेला त्यांना नको होता. माणूस बाद होतो, जखमी होतो, पावसात अडकतो. पण समोरचा संघच निघून गेल्यामुळे ज्याचा जागतिक विक्रम हुकला, असे भाऊसाहेब एकटेच. पुढे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ४४३ नाबाद, आणि कसोट्या शून्य.

दादांनी मात्र ठाकोरसाहेबांना कधी दोष दिला नाही. त्यांनी दोष घेतला तो स्वतःकडे. "आम्ही चहाला उठायला नको होतं," असं ते सत्तर वर्षांच्या वयातही गंभीरपणे म्हणत. तेव्हापासून आमच्या घराचा नियम झाला : खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही. मैदानावर नाही, रेडिओपुढे नाही, टीव्हीपुढेही नाही. चहा थर्मासमध्ये. झाकणावर निळं फूल असलेला तो थर्मास अजून घरात आहे. महाराष्ट्राच्या पराभवांचा एवढा जवळचा साक्षीदार दुसरा सापडायचा नाही.

त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यालाच मुंबईशी उपांत्य सामना झाला. सात दिवस चालला तो! दादा सातही दिवस थर्मास घेऊन हजर होते. मुंबईने ६५१ केल्या, आपण ४०७. मुंबईने पुन्हा ७१४ केल्या. जिंकायला हव्या होत्या ९५९! दुसरा कुठलाही शहाणा संघ पॅड न बांधता घरी गेला असता. काठियावाडने तर पहिल्याच दिवशी गाड्या सांगितल्या असत्या. आमच्या लोकांनी चौथ्या डावात ६०४ धावा काढल्या. सहाशे चार! आणि ३५४ धावांनी हरले. सगळ्या मिळून २३७६ धावा झाल्या त्या सामन्यात. ही गोष्ट सांगताना दादांचा आवाज चढायचा, डोळे चमकायचे, आणि ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत वाटायचं की आपण जिंकलोच. लहानपणी मी शाळेत तसं सांगितलंही होतं. पुढे कळलं तेव्हा मी रडलो. दादा म्हणाले, "अरे, पण सहाशे चार!" महाराष्ट्राच्या बाजूने बोलायचं कसं, याचा तो माझा पहिला धडा.

१९७१ चा अंतिम सामना तर मी विसरायचा प्रयत्न करतो आणि मेव्हणा विसरू देत नाही. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, सगळे वेस्ट इंडिजमध्ये. मुंबईच्या घरात कर्तं माणूस कुणी नव्हतं. आमच्याकडे चंदू बोर्डे. कपाट उघडं, कुत्रं झोपलेलं! सुधीर नाईकांच्या हाताखालच्या उरल्यासुरल्या मुंबईने आम्हाला ४८ धावांनी हरवलं. त्यानंतर १९९३ च्या मार्चमध्ये लुधियान्याला पंजाबकडून अंतिम सामना हरलो. त्याच वर्षी देवधर गेले, एकशे एकाव्या वर्षी. दादा म्हणाले, "तिसऱ्या करंडकाची वाट बघायला शंभर वर्षंही पुरली नाहीत रे."

बरं, माणसं वाईट आहेत म्हणावं तर तसंही नाही. शंतनू सुगवेकर मध्य प्रदेशविरुद्ध २९९ वर पोचला आणि दुसऱ्या टोकाचा शेवटचा गडी बाद झाला. २९९ नाबाद! ऋतुराज गायकवाडने २०२२ मध्ये एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहा असतात हो. आमच्या माणसाने सात मारले. चारच दिवसांनी विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने शतक काढलं, आणि आम्ही हरलो. कुणाकडून? सौराष्ट्राकडून. म्हणजे जुनं काठियावाडच! या वेळी ते मैदान सोडून गेले नाहीत, एवढाच फरक. आणि २०२३ च्या जानेवारीत मुंबईशी सामना, पहिल्या डावात आमच्या ३८४. मुंबईच्या? ३८४! सामना अनिर्णित, आणि दोघंही बाद फेरीच्या बाहेर. मेव्हणा आणि मी एकाच वेळी दुःखी झालो, असा तो एकमेव दिवस. त्या दिवशी आमच्यात बरंच सौहार्द होतं.

पण मला सांगायचं आहे ते २०१४ चं. दादा तेव्हा पंच्याऐंशीचे. अंथरुणाला खिळलेले, ऐकू कमी, बाकी डोकं शाबूत. त्या मोसमात केदार जाधव असा खेळत होता की बाराशेच्या वर धावा झाल्या. उपांत्यपूर्व सामन्यात आपण मुंबईला हरवलं. वानखेडेवर! मुंबईला, मुंबईत, आठ गडी राखून. मी मुलुंडला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मेव्हणा आंघोळीला गेलेला होता. मग इंदूरला बंगालला हरवलं, आणि अंतिम सामना हैदराबादला कर्नाटकाशी. दादांनी थर्मास उशाशी ठेवायला लावला. दवाखान्यातल्या बाईंनी चहा बंद केला होता, म्हणून त्यात नुसतं गरम पाणी. पाच दिवस मी त्यांच्या कानाशी आकडे ओरडत होतो आणि शेजाऱ्यांना वाटत होतं, घरात भांडण चाललंय.

पाचव्या दिवशी कर्नाटकने सात गडी राखून सामना जिंकला. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद केला आणि बसून राहिलो. आयुष्यभर बँकेत हिशेबाचं काम केलेला मी, एका पैशाची अफरातफर कधी केली नाही. पण त्या दिवशी आत गेलो आणि दादांच्या कानाशी म्हणालो, "खेळ थांबलाय. पाऊस पडतोय."

दादा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत? हैदराबादला?"

मी गप्प.

"हरले म्हण की," ते म्हणाले, आणि इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला. आमची ही धावत आली. ठसका थांबल्यावर त्यांनी विचारलं, "केदारचे किती?"

त्या पावसाळ्यात दादा गेले.

आता गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. बडोद्याशी सामना आमच्या नाशिकलाच, गोल्फ क्लब मैदानावर. या मैदानावर गोल्फ खेळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. सकाळी पोटं कमी करायला आलेली माणसं गोल गोल चालत असतात, तेवढंच. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. मी नातवाला घेऊन गेलो, बरोबर थर्मास. नातू अकरा वर्षांचा, आयपीएलच्या जमान्यात जन्मलेला. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "ही मॅच किती ओव्हर्सची?" म्हटलं, "चार दिवसांची." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला वसतिगृहात ठेवायलाच आणलंय. मग ऋतुराज दिसल्यावर तो ओरडला, "आजोबा, हा तर चेन्नईचा! हा इथे काय करतोय?"

त्याला सगळं सांगितलं. निंबाळकर, ठाकोरसाहेब, सहाशे चार. विदर्भाला पहिला करंडक मिळवून देणारा रजनीश गुरबानी आता आपल्याकडे आलाय, हेही मोठ्या ऐटीत सांगितलं. (त्याच मोसमात विदर्भाने त्याच्याशिवाय तिसरा करंडक जिंकला, हे कळायला अजून महिना होता.) त्याने एकच प्रश्न विचारला. "मग तुम्ही मुंबईचे का नाही होत? जवळ तर आहे." याला उत्तर काय देणार? त्याच्या आजीला मी हाच प्रश्न कधी विचारला नाही, एवढंच मनात आलं.

आणि आपण जिंकलो की हो! ४३९ धावांनी. सवय नसल्यामुळे टाळ्या कधी थांबवायच्या हे आम्हा म्हाताऱ्यांना कळेना. माझ्या डोक्यात मात्र भलतंच चालू होतं. ४३९. निंबाळकरांना चार कमी.

"आता सेमीफायनल?" नातवाने विचारलं.

"नाही. एवढ्याने पुढे जाता येत नाही."

"जिंकलो ना?"

"जिंकलो."

त्याला ते काही पटलं नाही. मलाही कुठे पटलं होतं? त्याच दिवसांत मुंबईच्या घरच्या मैदानावर जम्मू-काश्मीरने मुंबईला हरवलं होतं. मुंबईत रोहित शर्मा होता, रहाणे होता, सगळे होते. मी मुलुंडला फोन लावला. मेव्हणा चक्क पहिल्या घंटेला आला. मी जोर देऊन म्हणालो, "काय म्हणते तुमची मुंबई?" तिकडे बराच वेळ शांतता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, खरं सांगा, तुम्ही हे सहन कसं करता हो?" मी काही तरी गुळमुळीत बोललो. पुढे मुंबई हरूनसुद्धा उपांत्य फेरीत गेली आणि आम्ही जिंकून घरी बसलो, त्यामुळे तो प्रश्न त्याने परत काही विचारला नाही.

सामना संपला तेव्हा पंचांनी बेल्स काढल्या, खेळाडू हात मिळवत आत गेले, माळ्याने स्टंपा उपटून काखेत मारल्या. नातू म्हणाला, "चला ना आजोबा, संपलं. बाहेर वडापाव खाऊ." मी म्हटलं, "बस जरा." माणसं पांगेपर्यंत आम्ही दोघंच बसून होतो. त्याने कंटाळून थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालाय," तो म्हणाला.