काळ्यावरचें पांढरें

लिहिणाऱ्याला आपण ‘पांढऱ्यावर काळें करणारा’ म्हणतों. शाळामास्तराचा व्यवसाय मात्र उलटा. त्याचें आयुष्य फळ्यावर काळ्याचें पांढरें करण्यांत जातें. चौतीस वर्षें तें केल्यावर, सेवानिवृत्तीनंतर काळ्यावरचें पांढरें वाचावयास पुन्हां शिकावें लागेल असें मला वाटलें नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं माझा उजवा गुडघा दुखूं लागला, आणि पुण्यास क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या भाचीपुढें मीं मुळाक्षरांपासून प्रारंभ केला.

“मामा, आधीं हाड पाहूं नका. नांव, तारीख आणि उजव्या-डाव्याची खूण पाहा,” हा पहिला पाठ. एका चित्रावरून निकाल द्यावयाचा नाहीं, हा दुसरा. समोरून सरळ दिसणारें हाड बाजूनें पाहिल्यावर मोडलेलें आढळतें. तिसरा पाठ क्रमाचा: प्रथम हाडांची मांडणी, मग प्रत्येक हाडाची कडा, मग सांध्यांतील फट, शेवटीं भोंवतालचें मांस. श्लोक लावतांना पदच्छेद, अन्वय, अर्थ हा क्रम आम्हीही सोडीत नाहीं; त्यामुळें ही विद्या मला परकी वाटली नाहीं.

गुडघ्यांतील कूर्चा या चित्रांत दिसतच नाहीं. दोन हाडांमधील फट अरुंद झाली म्हणजे कूर्चा झिजली असें अनुमान करावयाचें. धूर पाहून पर्वतावर अग्नि आहे असें नैयायिक म्हणतात, तसेंच हें. चित्रही उभ्यानें काढलेलें हवें, कारण निजल्यावर सांध्यावर भार पडत नाहीं आणि झिजलेली फटही रुंद दिसूं शकते. खुब्यासाठीं मांडीच्या हाडाच्या मानेखालून कटीच्या हाडांतील छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत एक अखंड कमान मनानें काढावी; तिला शेंटनची रेषा म्हणतात. ती तुटली तर मोड किंवा निखळलेला सांधा यांचा संशय घ्यावा.

इतकें येऊं लागल्यावर मला थोडा गर्व झाला. घरीं फडताळांत पत्नीच्या पाठीचें तीन वर्षांपूर्वींचें चित्र होतें. गादी उचलतांना तिच्या पाठींत कळ आली, डॉक्टरांच्या सांगण्यावरून चित्र काढलें. पण महिन्याभरांत दुखणें उणें झालें, आणि पाकीट उघडण्याचेंही मीं मनावर घेतलें नाहीं. “वय झालें, पाठ दुखायचीच,” हा माझा निकाल. आपली प्रगति दाखवावी म्हणून तें पाकीट मीं भाचीकडे नेलें. पत्नीही बरोबर होती.

कमरेच्या खालच्या मणक्यांना चोंचीसारखे कंगोरे फुटलेले पाहून मी म्हणालों, “झीज आहे.”

“बरोबर. पण एक चूक सांपडली कीं तपासणाराची नजर सैल पडते. वर पाहा.”

वह्या तपासतांना मीं हेंच किती वेळां अनुभवलें होतें! कमरेचे पांच मणके मोजून मी वर गेलों. छातीच्या बारा मणक्यांपैकीं शेवटच्याची मागची उंची शाबूत होती, पुढची जवळजवळ निम्मी. चौकोनाची पाचर झाली होती. मणका दबून मोडला होता.

“मामी, तुमची उंची कमी झाली का?” भाचीनें विचारलें.

“उंचीचें ठाऊक नाहीं, बाई, पण लुगडें हल्लीं लोळतें, निऱ्या वर खोंचाव्या लागतात. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबाही हातीं येत नाहीं.”

हें तिनें मला दोनदां सांगितलें होतें. मीं तिला स्टूल आणून दिलें होतें.

हाड बरेंच विरळ झाल्यावांचून साध्या चित्रांत कळत नाहीं, म्हणून घनतेची निराळी तपासणी झाली आणि औषध सुरू झालें. एक मणका असा मोडला म्हणजे दुसरा मणका किंवा खुबा मोडण्याचें भय वाढतें, असें भाचीनें समजावलें. तीन वर्षें फुकट गेलीं, हें ती बोलली नाहीं. तें मला कळलें.

२२ डिसेंबर १८९५ रोजीं राँटगेन यांनीं आपल्या नव्या किरणांनीं पत्नीच्या हाताचें चित्र काढलें; बोटांतील अंगठीही त्यांत उमटली आहे. त्यांची विद्या आधीं पत्नीच्या हाडांपर्यंत पोंचली. माझी माझ्याच गुडघ्यापाशीं घोटाळली. मी वैद्य झालों नाहीं, होणारही नाहीं. परंतु वाचकहो, आपल्या फडताळांत असें न उघडलेलें पाकीट असेल, तर तें आजच काढून डॉक्टरांकडे न्यावें. आणि घरांतील माणूस पाठ दुखते म्हणालें, तर मास्तरासारखा निकाल न देतां आधीं त्याचें पुरतें ऐकून घ्यावें.