ग्रँड पोर्टेजची वखार

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सुपीरिअर सरोवराच्या काठी, ओजिब्वे लोकांच्या भूमीवर नॉर्थ वेस्ट कंपनीची ग्रँड पोर्टेज ही वखार जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेली आहे. १७९० च्या दशकात दर उन्हाळ्यात येथून कांबळी व किटल्या उत्तरेस जात आणि बदल्यात बीव्हर या प्राण्याची कातडी येत. साडेआठ मैलांची जंगलवाट हमाल ९० पौंडांचे दोन-दोन गठ्ठे पाठीवर घेऊन तुडवीत. आज जुन्या वेषातील मार्गदर्शक मुलांना भूर्जसालीची होडी दाखवतात, गठ्ठा उचलून पाहायला सांगतात. मुले हौसेने वाकतात. मऊ कातडे हाती आले, की प्रश्न सुरू होतात. एवढे सारे टोप्यांसाठी? होय, युरोपातील टोप्यांच्या नमद्यासाठी. पुढे रेशमी टोप्यांची चाल आली आणि बीव्हरची मागणी ओसरली. रेशमाचा हिशेब वाचकांस ठाऊकच आहे.