रविवारची सायकल, सोमवारची सायकल

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आता सुटीच्या दिवशी पहाटे सायकल चालवते. खडकवासला-सिंहगडच्या वाटेवर भेटणाऱ्या हौशी सायकलस्वारांच्या, आणि त्याच वाटेने पोटासाठी जाणाऱ्यांच्या या गोष्टी.

रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्यावर जी शांतता असते, ती आठवड्यात पुन्हा मिळत नाही. पेपरवाले फुटपाथवर बसून अंकांत पुरवण्या घालीत असतात, दुधाचे क्रेट उतरत असतात आणि एखाद्या अमृततुल्यासमोर पाच-सात जण सायकली टेकवून पहिला चहा घेत असतात. डोक्यावर हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, खिशात केळे. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई असतात, संगणकासमोर बसून बसून पाठ धरलेला तरुण असतो आणि दहावीनंतर मिळालेली नवी सायकल घेऊन आलेली मुलगीही असते. शर्यत कोणालाच जिंकायची नसते. खडकवासल्यापर्यंत जायचे, पाय साथ देतील तर गडापर्यंत, आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचे, एवढाच बेत.

वाट तशी लांबची नाही. स्वारगेटपासून धरणाची भिंत पंधरा-सोळा किलोमीटर, तेथून सिंहगडाचा पायथा आणखी आठ-दहा किलोमीटर आणि मग घाट. विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, किरकटवाडी ही नावे पूर्वी गावाबाहेरची वाटत. आज या साऱ्या पट्ट्यात इमारतींची रांग तुटत नाही. म्हणूनच पहाटे निघण्याचे कारण केवळ थंड हवा नव्हे. दिवस वर आला की या रस्त्यावर सायकलला जागा उरत नाही, हे खरे कारण. सहाच्या आत वडगाव मागे टाकायचे, असा जुन्या मंडळींचा दंडकच आहे.

बिल्ला, दिवा आणि डबलसीट

काकांच्या पिढीला या शहराची दुसरी तऱ्हा आठवते. कॉलेजांच्या सायकल स्टँडवर तेव्हा तीळ ठेवायला जागा नसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून वाही. सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवी आणि डबलसीट सापडले तर दंड भरावा लागे. ज्याची स्वतःची सायकल नसे, तो तासाच्या भाड्याने आणी. मुले त्याच भाड्याच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत शिकत.

मग काळ पालटला. गंमत अशी, की सायकलला ज्या गाड्यांनी मागे सारले त्यांतल्या कित्येक पुण्याच्याच. बजाजच्या स्कूटर शेजारच्या आकुर्डीत तयार होत आणि १९७२ मध्ये आलेली लुना पुण्याच्याच कायनेटिकची. घरात पहिली स्कूटर आली, की सायकल जिन्याखाली जाई. दुसरी आली की ती भंगारात निघे. शहर वाढले, कचेऱ्या लांब गेल्या, उड्डाणपूल झाले आणि रोजच्या कामासाठी सायकल काढणारा मध्यमवर्गीय दिसेनासा झाला.

तोच मध्यमवर्ग आता हौसेने सायकलकडे परतला आहे. गिअरच्या हलक्या सायकली बाजारात आल्या, डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाबाची भीती घातली आणि २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद पडल्यावर तर सायकलींच्या दुकानात नंबर लावावा लागला. दैवाचा खेळ असा, की त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ‘अ‍ॅटलस’ या नामांकित भारतीय कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. साधी काळी सायकल मागे पडत होती आणि हौसेची सायकल पुढे येत होती.

वारा, कुत्री आणि कच

मोटारीतून जाणाऱ्याला सिंहगड रस्ता सपाट वाटतो. सायकलवाल्याला मात्र त्यातला प्रत्येक चढउतार मांड्यांना कळतो. कुठे गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांविना टाकला आहे, कुठल्या वळणावर बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेली कच पसरली आहे, कुठल्या गटाराचे झाकण दोन बोटे खाली आहे, हे सारे त्याला पाठ असते. पुढचा मोठ्याने “खड्डाऽ!” म्हणतो, मागचा तोच शब्द आणखी मागे पोचवतो. मागून गाडी आली तर शेवटचा सांगतो आणि सारे एका रांगेत येतात.

वाऱ्याचे गणितही इथेच समजते. सिंहगड शहराच्या नैर्ऋत्येला आहे आणि पावसाळी वाराही त्याच दिशेने येतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या दिवसांत जाताना वारा छातीवर असतो आणि येताना पाठीवर. नवखा गडी परततीला भरधाव सुटतो आणि आपल्या पायांत बळ आले म्हणून हरखतो. काका शेजारून हळूच म्हणतात, “वारा मागून आहे, बाळा.”

कुत्र्यांची बात निराळी. पहाटे रस्ता त्यांच्याच मालकीचा. घाबरून जोरात पायडल मारले की ती हटकून पाठलाग करतात. वेग कमी करावा, वेळ पडल्यास उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्यामध्ये धरावी, हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. गणिताच्या बाईंनी तो पोरींना शिकवला आहे. त्यांची अडचण मात्र कुत्र्यांची नाही. अंगाला घट्ट बसणारे कपडे पाहून माना वळवणाऱ्यांची सवय त्यांनी करून घेतली आहे. पण तीन-चार तासांच्या या फेरीत बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल, याचा नकाशा त्या मनाशी बांधूनच निघतात. कुठला पेट्रोल पंप उघडा असतो, कुठल्या हॉटेलचा मालक ना म्हणत नाही, ही माहिती एक बाई दुसरीला देते. पुरुषांना ही जुळवाजुळव कधी करावी लागत नाही.

धरणाच्या भिंतीजवळ

खडकवासल्याला पोचेपर्यंत उजाडलेले असते. पाण्यावर धुके, पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा हिरवा परिसर. इंग्रजी अमदानीत, १८७९ मध्ये पुरे झालेले हे धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर आलेल्या लोंढ्याने फुटले आणि मुठेकाठचे पुणे वाहून गेले. त्या वेळी लहान असलेल्या माणसाला तो दिवस विसरता येत नाही. भिंतीजवळ थांबले, की गटातला कोणी वडीलधारा दहावीच्या मुलीला सांगतो, पाणी कुठपर्यंत चढले होते, कुठल्या पेठेतली कुठली घरे गेली, कुणाच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ कितीतरी वर्षे तशीच होती. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा हे ऐकणे वेगळे. ज्या पाण्याकडे पाहत ते ऐकायचे, ते समोरच असते.

इथून काहीजण मागे फिरतात. उरलेले डोणजे फाट्यावरून गोळेवाडीकडे वळतात आणि घाटाला लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, तर सिंहगड तेराशेच्या आसपास. उंचीतला बराचसा फरक या शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरांत भरून काढावा लागतो. इथे बोलणे थांबते. सगळ्यांत हलक्या गिअरवर सायकल चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकते आणि घामाचे थेंब हँडलवर टपटपतात. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, हे पहिल्या खेपेला पटत नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत पटते.

वर गाडीतळापाशी सायकली साखळीने बांधून पुणे दरवाजा चढला, की मडक्यातले दही, ताक, झुणका-भाकर आणि कांदाभजी वाट पाहत असतात. “या दादा, ताक घ्या,” अशी हाक येते. हाक मारणाऱ्या मावशी गडाखालच्या वाडीतून आलेल्या असतात. या बायकांनी वर्षानुवर्षे दह्याची मडकी डोक्यावर घेऊन हाच गड पायी चढला आहे. त्या चढणीबद्दल त्यांना कोणी पदक दिले नाही की फोटो काढला नाही. ताकाचा पेला हातात घेतल्यावर हे एखाद्याच्या ध्यानात येते आणि आपण किती मिनिटांत वर आलो, हे सांगण्याचा उत्साह थोडा ओसरतो.

पितळेची इवलीशी चकती

उतरताना घोटाळे होतात. ब्रेक एकसारखे दाबून धरले तर रिम तापते, कचेवर दाबले तर चाक घसरते. थोडे थोडे दाबत, सोडत, शांतपणे यावे. एवढे करूनही खाली सपाटीवर पंक्चर होतेच.

मग रस्त्याकडेचा पंक्चरवाला शोधायचा. घमेल्यात पाणी, डबीत सोल्युशन, कानस, रबराचे तुकडे आणि एक हवेचा पंप एवढे त्याचे दुकान. पाऊण लाखाची सायकल पाहून तो आधी हसतो. कारण हिचा व्हॉल्व्ह सडपातळ, त्याचा पंप त्याला बसत नाही. अनुभवी माणूस खिशातून पितळेची इवलीशी चकती काढतो, ती व्हॉल्व्हवर फिरवतो आणि पंप लागतो. नवख्याकडे ती नसते. मग कोणीतरी आपली देतो आणि परत मागायला विसरतो. बारीक टायरला काळ्या सायकलच्या जवळजवळ दुप्पट दाबाची हवा लागते, हे कळल्यावर पंक्चरवाला भिवई उंचावतो आणि पंपावर अंगाचा सारा भार टाकतो.

तेवढ्यात तिथे दुसरे गिऱ्हाईक येते. रात्रपाळी संपवून निघालेला एखाद्या सोसायटीचा सुरक्षारक्षक. काळी सायकल, सळीचे ब्रेक, कॅरिअरला डबा, वजन वीस किलोच्या घरात आणि गिअर एकच. तो रोज दहा-बारा किलोमीटर जातो, तितकेच येतो. सकाळच्या वाहतुकीत आणि रात्रीच्या अंधारात. त्याच्या सायकलला मागे दिवा नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. आपण व्यायाम करतो असे त्याच्या मनातही येत नाही. रविवारची मंडळी म्हणतात, “आम्ही सायकलिंग करतो.” तो म्हणतो, “मी सायकलवर जातो.”

या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे निम्म्या घरांत सायकल असल्याचे आढळले. त्यांतली बहुतेक साधी, कामाची. देशाची सायकल ही आहे, रविवारची नव्हे.

रस्ता कोणाचा?

प्रत्येक गावाची अशी एक वाट असते. नाशिककर त्र्यंबकेश्वरकडे किंवा गंगापूर धरणाकडे जातात, कोल्हापूरकर जोतिबाचा डोंगर नाहीतर पन्हाळा चढतात, नागपूरकर अंबाझरी-फुटाळ्याला फेरी मारतात, बंगळूरचे मराठी तरुण मित्रांबरोबर नंदी हिल्स गाठतात. काहींची मजल पुष्कळ पुढे जाते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. पण वाटेवरच्या बहुतेकांना ती आस नसते. त्यांना हवी असते ती रस्त्याकडेची सुरक्षित हातभर जागा.

ती देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुण्यात बीआरटीच्या जोडीने सायकल मार्ग बांधले गेले. पुढे २०१७ मध्ये महापालिकेने सव्वाआठशे किलोमीटर मार्गांचा सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या सायकलीही आणल्या. त्या सायकली काही वर्षांतच रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. मार्ग झाले ते तुकड्यातुकड्यांनी. कुठे मध्येच विजेचा खांब, कुठे उभ्या केलेल्या मोटारी, कुठे चौकात येताच मार्गच गुप्त. हैदराबादेत २०२३ मध्ये बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा, वर सौर छप्पर असलेला सायकल मार्ग खुला झाला. हौशी सायकलस्वारांना तो मोठा आधार. परंतु गल्लीबोळातून कामावर निघालेल्याच्या वाटेवर असे छप्पर कधी येणार?

रविवारच्या मंडळींपैकी काहींना हा प्रश्न आता टोचू लागला आहे. गणिताच्या बाई आठवड्यातून दोनदा शाळेत सायकलने जातात. पाठ धरलेल्या तरुणाने शुक्रवारी ऑफिसला सायकल नेली तेव्हा त्याला समजले, की पहाटेचा रस्ता आणि सकाळी नऊचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. डावीकडून बस दाबते, उजवीकडून रिक्षा शिरते आणि हॉर्नने छाती धडधडते. जो हे रोज सोसतो त्याच्याविषयीचा आदर अशा एका शुक्रवारी वाढतो. काकांच्या खिशात आता पितळेच्या चकतीबरोबर चमकणाऱ्या लाल पट्टीचे तुकडेही असतात. पंक्चरवाल्याकडे एखादी काळी सायकल उभी दिसली, की मालकाला विचारून ते मागच्या मडगार्डवर एक तुकडा चिकटवून देतात. त्याला दहा सेकंद लागतात.

मार्ग व्हायचे तेव्हा होतील. तोवर मोटार किंवा स्कूटर चालवणाऱ्या वाचकाच्या हाती एक गोष्ट आहे. सायकलला ओलांडताना हॉर्न न वाजवता हात-दोन हात अंतर जास्त सोडावे, आणि अंतर सोडण्याइतकी जागा नसेल तर क्षणभर मागे थांबावे. पुढचा माणूस व्यायामाला निघालेला असेल किंवा कामावर. पाठीमागून पाहताना दोघे सारखेच दिसतात.