शाई लागलेला अंगठा

चित्रमालिकेतील खरा खलनायक कोण, या प्रश्नाचा निकाल कर्त्याने पहिला भाग छापखान्याकडे धाडण्यापूर्वीच लावलेला असला पाहिजे, ही गोष्ट मला सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या एका विणकराच्या मुलाने शिकवली.

माझी स्वतःची दीक्षा इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांवर झाली. १९६४ साली निघालेल्या आणि १९९० साली बंद पडलेल्या त्या मालेचे जुने मराठी अंक रद्दीच्या दुकानातून मी हुडकून आणीत असे, आणि त्यांत वेताळापेक्षाही जादूगार मँड्रेक मला अधिक ओढून घेई, तो त्याच्या शत्रूमुळे. ली फॉकने १९३७ च्या कथेत पराभूत केलेला कोब्रा १९६५ साली रुपेरी मुखवटा चढवून परतला. आणि पुढे त्या मुखवट्याखालून जो निघाला तो कोणी परका नव्हे, तर मँड्रेकचा पिता थेरॉन याचाच थोरला मुलगा, मँड्रेकचा सावत्र भाऊ ल्युसिफॉर. पिता आणि धाकटा भाऊ ज्या दोन स्फटिकघनांची राखण करीत होते, त्यांच्यावर त्याचा डोळा होता. हे वाचून मी चकित झालो नाही, कारण वतनाच्या तंट्यांनी आणि भाऊबंदकीने ज्या प्रदेशाची दफ्तरे भरली आहेत तेथील वाचकाला असा माणूस पाहताक्षणी ओळखू येतो.

राक्षस निराळा आणि पाताळयंत्री निराळा, हा भेद आपल्या भाषेनेच करून ठेवला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर तलवार चालवली ती गारद्यांनी. परंतु रामशास्त्री प्रभुण्यांचा तपास गारद्यांपाशी थांबला नाही, तो थेट राघोबादादांपर्यंत गेला. आणि लोकस्मृतीने तर तलवारीपेक्षा ‘ध’चा ‘मा’ करणारी लेखणीच अधिक जपली, मग ती आख्यायिका का असेना.

त्याच लेखणीवरून मला माझी मालिका सुचली. एका साप्ताहिक पुरवणीसाठी मी ती काढीत होतो. पहिल्या भागात दरबार भरला आहे, बाल राजापुढे फर्मान वाचले जात आहे, आणि सिंहासनाच्या डाव्या हाताला वृद्ध कारभारी नम्रपणे हात जोडून उभा आहे. त्या जोडलेल्या हातांपैकी उजव्याच्या अंगठ्यावर मी बारीक कुंचल्याने शाईचा एक डाग ठेवला होता. फर्मानातील अक्षर त्यानेच रात्री फिरवले होते. राज्य हाकावे आपण आणि मुजरे घ्यावेत पोराने, हे शल्य त्याला डाचत होते.

सातव्या भागानंतर त्या मुलाचे पोस्टकार्ड आले. घरी तेलुगू बोलणाऱ्या त्या मुलाने ठसठशीत मराठीत एकच वाक्य लिहिले होते: कारभारीच लबाड आहे. माझा धीर सुटला. एवढ्या लवकर ओळखला गेलेला खलनायक निरुपयोगी झाला अशा समजुतीने मी नवव्या भागात डोंगरापलीकडून एक मांत्रिक आणला, त्याला कवट्यांची माळ घातली, आणि सारे अपराध त्याच्या माथी मारले. महिन्याभरात दुसरे पोस्टकार्ड आले. ‘मग कारभाऱ्याच्या अंगठ्याला शाई कशाची होती?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोलापुरी चादरीच्या एका अंगाला जी नक्षी पांढरी दिसते तीच दुसऱ्या अंगाला तांबडी दिसते, परंतु दोन्ही अंगे एकाच मागावर, एकाच वेळी, जॅकार्डच्या त्याच पुठ्ठ्यांवरून उतरतात. निम्मी चादर विणून झाल्यावर तिची दुसरी बाजू कशी असावी याचा विचार कोणी करीत नाही. ज्याच्या घरी माग चालतो त्या मुलाला हे सांगावे लागत नव्हते. खलनायक ओळखला गेल्याने मालिका मरत नाही, उलट ओळखणारा वाचक पुढच्या प्रत्येक भागात त्या नम्र हातांकडे धास्तीने पाहत राहतो, आणि ती धास्ती मी माझ्या हाताने पुसून टाकली होती.

मालिका पुस्तकरूपाने काढण्याची वेळ आली तेव्हा नवव्या भागापासून पुढची सर्व पाने मी नव्याने काढली. मांत्रिक त्यांत नाही. खलनायक कारभारीच आहे, आणि पहिल्या भागातील एकही रेषा बदललेली नाही.